थांबवण्याचा अधिकार : बॉयलरच्या कंट्रोल वायरिंगची प्रस्तावना

बॉयलर हाऊसमध्ये शिरल्यावर नजर आधी जाते ती शेलकडे, चिमणीकडे, मेन स्टीम व्हॉल्व्हकडे. बाजूला उभे असलेले राखाडी पॅनल सहसा कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. त्या पॅनलमधून दीड एमएमच्या वायरी निघतात, कंड्युटमधून बॉयलरवर चढतात आणि प्रेशर स्विच, मोब्री (पाण्याच्या पातळीचा फ्लोट स्विच), फोटोसेल, सोलेनॉइड यांना जाऊन मिळतात. तासाला दोन-तीन टन वाफ देणारे यंत्र कधी पेटायचे, कधी विझायचे आणि कधी काही झाले तरी पेटायचे नाही, हे या वायरी ठरवतात. हे पुस्तक त्या वायरींबद्दल आहे.

महाराष्ट्रात बॉयलर पावलोपावली आहेत. साखर कारखान्यांचे बगॅसवर चालणारे अवाढव्य, इचलकरंजी-सोलापूरच्या प्रोसेस हाऊसमधले मध्यम, दूध संघांचे, औषध कंपन्यांचे, मोठ्या रुग्णालयांच्या लाँड्रीचे, हॉटेलांच्या तळघरातले गरम पाण्याचे. या धंद्यातली थरमॅक्स आणि फोर्ब्स मार्शल ही दोन मोठी नावे तर पुण्याचीच. तरीही या यंत्राचे वायरिंग कोणाच्या हद्दीत येते, या प्रश्नाला शॉप फ्लोअरवर सरळ उत्तर मिळत नाही. बॉयलर अटेंडंटला दाखला मिळतो तो बाष्पके खात्याकडून. वायरमनचा परवाना येतो विजेच्या बाजूने. अटेंडंटला पाण्याची पातळी, ब्लोडाऊन, दाब यांची पक्की जाण असते, पण पॅनलचे दार त्याच्यासाठी बहुधा बंद. वायरमनला कॉन्टॅक्टर आणि रिले पाठ असतात, पण एक्स्ट्रा लो पातळीला भट्टीत काय घडते हे त्याला कोणी दाखवलेले नसते. पॅनल या दोघांच्या मधोमध उभे. बिघाड झाला की दोघेही त्याकडे बोट दाखवतात. या दोघांना एकाच ड्रॉइंगसमोर उभे करावे, एवढाच या लेखनाचा हेतू.

आधी हे पाहू, की वायरीवर भार कसला आहे. आपल्याकडच्या पुष्कळशा पॅकेज बॉयलरच्या नेमप्लेटवर १०.५४ किलो हा डिझाइन दाब दिसतो. जुन्या मापात १५० पौंड. या दाबाला आतले पाणी सुमारे १८५ अंश सेल्सिअसला असते आणि तरीही द्रवरूप असते, कारण दाबाने ते धरून ठेवलेले असते. शेल फाटला की दाब क्षणात जातो, आणि दर १०० किलो पाण्यामागे साधारण १६ किलो पाण्याची जागच्या जागी वाफ होते. वातावरणाच्या दाबाला वाफ पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा मागते. बॉयलर फुटतो तेव्हा भिंती पाडते ती या पाण्यात साठलेली उष्णता. भट्टीतल्या ज्वालेचा त्यात थेट वाटा फार थोडा. म्हणून तेलाचा नळ बंद करणे हे धोका टळण्याचे लक्षण नव्हे. पाणी आणि धातू यांचे नाते बिघडण्याआधी ज्वाला थांबली पाहिजे, आणि ते काम वायरीचे.

कायद्याने या यंत्राकडे पाहिले ते मुख्यतः धातूच्या बाजूने, आणि त्यामागे इतिहास आहे. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसे मेली, आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. मग प्रांतोप्रांती निरनिराळे कायदे आले. त्यांना एका चौकटीत बसवणारा इंडियन बॉयलर्स ॲक्ट १९२३ चा. त्याच्या जोडीची नियमावली १९५० ची, जिला आपण सगळे ‘आयबीआर’ म्हणतो. २०२५ मध्ये १९२३ च्या कायद्याची जागा नव्या बॉयलर कायद्याने घेतली. अमेरिकेतही असेच घडले. मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉकटन गावी २० मार्च १९०५ रोजी बुटांच्या कारखान्यातला बॉयलर फुटला, ५८ माणसे गेली, आणि त्या धक्क्यातून सुरू झालेल्या धडपडीचे फळ म्हणजे ‘एएसएमई’ची बॉयलर संहिता. फाटलेला पत्रा, खराब वेल्ड, पातळ झालेली नळी यांनी हे कायदे लिहायला लावले; तपासणीचा भर त्यांच्यावर राहणे ओघानेच आले. निरीक्षक येतो, हायड्रॉलिक टेस्ट घेतो, आतून नळ्या पाहतो, आणि प्रमाणपत्र देतो. ते प्रमाणपत्र फार तर बारा महिन्यांचे. मधल्या काळात रोज, प्रत्येक पाळीत, रात्री तीन वाजताही जी राखण चालते, ती पॅनलमधली.

गरम पाण्याच्या बाबतीत ही गोष्ट आणखी टोकाला जाते. ज्यात पाणी १०० अंशांच्या खालीच तापवले जाते, ते पात्र कायद्याच्या व्याख्येतल्या ‘बॉयलर’मध्ये बसत नाही. २५ लिटरपेक्षा लहान पात्रही बसत नाही. त्यामुळे हॉटेलच्या किंवा वसतिगृहाच्या तळघरातल्या हॉट वॉटर जनरेटरसाठी बॉयलर निरीक्षक येत नाही, अटेंडंटचा दाखला कोणी विचारत नाही. पण १०० अंशांची ती मर्यादा पाळतो कोण? एक थर्मोस्टॅट, एक हाय लिमिट आणि एक फ्लो स्विच. हे तिघे नीट जोडलेले असतील तोवरच ते पात्र ‘बॉयलर नाही’. थर्मोस्टॅट चिकटला आणि हाय लिमिट साखळीतून वगळून वायरी थेट जोडलेल्या असल्या, की कागदावरचा वॉटर हीटर प्रत्यक्षात बिननोंदणीचा बॉयलर होतो.

आता मूळ तत्त्वाकडे येऊ. बॉयलरच्या कंट्रोल सर्किटमध्ये सुरक्षेची सगळी उपकरणे एकामागोमाग, सिरीजमध्ये जोडलेली असतात: इमर्जन्सी स्टॉप, हाय प्रेशर, एक्स्ट्रा लो वॉटर, स्टॅक टेंपरेचर, इंधनाचा दाब. सगळे ठीक असेल तेव्हा प्रत्येकाचा कॉन्टॅक्ट जोडलेला असतो, आणि सगळ्यांतून वाट मिळाली तरच बर्नरच्या सिक्वेन्स कंट्रोलरपर्यंत वीज पोहोचते. एकाने जरी हात सोडला तरी बर्नर बंद. या रचनेत कोणत्याही एका स्विचला बॉयलर चालू करण्याचा अधिकार नाही; थांबवण्याचा अधिकार मात्र प्रत्येकाला आहे. आणि तो नुसता स्विचला नाही, वायरीलाही आहे. वायर तुटली, लग सैल झाला, उंदराने कुरतडले, फ्यूज गेला, सप्लाय गेला, तरी बॉयलर थांबतो. थांबणे ही त्याची मूळ अवस्था. चालत राहण्याची परवानगी त्याला प्रत्येक क्षणी नव्याने मिळवावी लागते. या पुस्तकातले प्रत्येक ड्रॉइंग या एका वाक्याचा विस्तार आहे.

हे तत्त्व एका साध्या चुकीने उलटे होते, म्हणून ती इथेच सांगतो. कंट्रोल ट्रान्सफॉर्मर ४१५ व्होल्टचे ११० व्होल्ट करतो. त्याच्या सेकंडरीचे एक टोक अर्थ करायचे, त्याला न्यूट्रल म्हणायचे, आणि सगळे सेफ्टी कॉन्टॅक्ट दुसऱ्या, म्हणजे फेजच्या बाजूला ठेवायचे. कॉइलचे एक टोक थेट न्यूट्रलला. आता समजा, वाफेच्या ओलीने इन्सुलेशन खराब होऊन स्विच आणि कॉइल यांच्यामधली वायर बॉयलरच्या अंगाला टेकली. फेज सरळ अर्थला मिळतो, फ्यूज उडतो, बॉयलर थांबतो. ठीक. पण कोणी वायरी फिरवल्या आणि स्विच न्यूट्रलच्या बाजूला गेले असतील तर? तीच वायर त्याच जागी टेकली, की कॉइलला परतीची वाट बॉयलरच्या अंगातूनच मिळते. वाटेतले सगळे स्विच बाजूला पडतात. फ्यूज उडत नाही, दिवा लागत नाही, बर्नर मजेत चालू राहतो. पाणी असो वा नसो. पॅनल बदलताना, ट्रान्सफॉर्मर नवा बसवताना, २३० व्होल्टच्या सप्लायवर लहान बर्नर जोडताना फेज-न्यूट्रलची अदलाबदल हमखास होते, आणि यंत्र दोन्ही प्रकारे सुरू होत असल्याने ती लक्षातही येत नाही. म्हणून टेस्टर लावून पोलॅरिटी पाहणे हे पहिल्या प्रकरणातले पहिले काम ठेवले आहे.

बर्नरच्या सुरुवातीचा क्रम पाहिला, की सिक्वेन्स कंट्रोलर किती संशयी असतो ते कळते. मागणी आल्यावर तो आधी एअर प्रेशर स्विच तपासतो: फॅन बंद आहे, तर स्विचने ‘हवा नाही’ असेच सांगितले पाहिजे. मग फॅन सुरू होतो आणि तोच स्विच आता ‘हवा आहे’ म्हणाला पाहिजे. त्यानंतर प्रीपर्ज. भट्टीत कुठे गॅस किंवा तेलाची वाफ रेंगाळली असेल तर ती चिमणीतून निघून जावी, आतली हवा अनेकदा बदलावी, म्हणून हा वेळ. याच काळात फोटोसेलवरही नजर असते. ज्वाला नसताना सेलला उजेड दिसला, तर सेल किंवा त्याची वायर खोटे बोलते आहे, आणि कंट्रोलर लॉकआऊट होतो. मग स्पार्क, मग पायलट, मग मेन व्हॉल्व्ह. ठरलेल्या सेकंदांत ज्वाला दिसली नाही तर इंधन बंद आणि पुन्हा लॉकआऊट. हा लॉकआऊट आपोआप सुटत नाही; माणसाने येऊन बटण दाबावे लागते. उगीच त्रास द्यायला ही सोय नाही. बटण दाबणारा माणूस आधी भट्टीत डोकावेल, ही त्यामागची अपेक्षा. तसे न करता पाठोपाठ रीसेट दाबत राहणारा दर वेळी भट्टीत थोडे न जळलेले इंधन टाकत असतो, आणि शेवटी जो स्पार्क लागतो तो त्या सगळ्या साठ्याला लागतो.

या संशयी कंट्रोलरलाही एक गोष्ट कळू शकत नाही. एअर स्विचवर जंपर, म्हणजे स्विचला वळसा घालणारा वायरीचा तुकडा, मारला तर तो ओळखतो, कारण त्या स्विचला प्रत्येक सुरुवातीला एकदा सुटावे आणि एकदा जुळावे लागते. फोटोसेललाही तसेच, पण बर्नर अधूनमधून थांबत असेल तरच. म्हणून स्वतःची तपासणी स्वतः न करणाऱ्या कंट्रोलरवरचा बर्नर २४ तासांत निदान एकदा तरी बंद करावा लागतो. तीन पाळ्या अखंड चालणाऱ्या ठिकाणी हा नियम विसरला जातो. पण एक्स्ट्रा लो वॉटरचा कॉन्टॅक्ट? पाणी ठीक असेल तोवर तो महिनोन्‌महिने जोडलेलाच असतो. तिथे निरोगी स्विच आणि वायरीचा तुकडा यांत कंट्रोलरच्या दृष्टीने काडीचा फरक नाही. हा फरक फक्त माणूस काढू शकतो, आणि तोही पाणी उतरवूनच.

एका प्रोसेस हाऊसमध्ये पॅनल उघडले तेव्हा चौदा आणि पंधरा या फेरूलच्या मध्ये लाल वायरीचा बोटभर तुकडा दिसला. टोके नुसती वळवून स्क्रूखाली घातलेली, लग नाही, फेरूल नाही. त्याच्यावर शेजारच्या वायरींइतकाच धुळीचा थर होता. म्हणजे तो कालपरवाचा नव्हता. ड्रॉइंगवर चौदा-पंधरा म्हणजे एक्स्ट्रा लो. विचारपूस केली तर हकिकत अगदी ओळखीची निघाली. रात्रपाळीत बर्नर सारखा ट्रिप होत होता, जेट मशीनमध्ये कापड अर्ध्यावर अडकले होते, आणि कोणीतरी म्हणाले, ‘तात्पुरते डायरेक्ट कर, सकाळी बघू.’ सकाळी पाळी बदलली, वाफ होती, ऑर्डर गेली. मोब्रीची चेंबर उघडल्यावर खरे कारण दिसले. तळाशी चिखलासारखा गाळ साचून फ्लोट अडकत होता. चेंबर रोज ब्लोडाऊन केली असती तर स्विचने कुरकुर केलीच नसती. स्विच खरे बोलत होता, आणि त्याचे तोंड बंद करण्यात आले.

सेफ्टी व्हॉल्व्हला कोणी हात लावला, वजन टांगले, तर ते दाराबाहेरूनही दिसते. १९२३ च्या कायद्याने ती छेडछाड नाव घेऊन गुन्हा ठरवली होती. पॅनलमधला जंपर बंद दारामागे असतो. त्याचा आवाज नाही, गळती नाही, गेजवर खूण नाही. उलट त्याच्यामुळे बॉयलर ‘छान चालतो’, ट्रिप होत नाही, आणि तो मारणारा वायरमन हुशार ठरतो. पीएलसी आणि टचस्क्रीन आल्यावर तर जंपरला वायरसुद्धा लागत नाही. पासवर्ड माहीत असला की स्क्रीनवरच्या एका टिचकीने तेच काम होते. म्हणून प्रोग्राम कितीही चांगला असला तरी पाणी, दाब आणि इमर्जन्सी स्टॉप यांची साखळी तांब्याच्या वायरीने, प्रोग्रामच्या बाहेरून, थेट बर्नरचा सप्लाय तोडणारी असावी, या मतावर हे पुस्तक ठाम आहे.

लाकूड, ब्रिकेट, कोळसा किंवा बगॅसवर चालणाऱ्या बॉयलरला वेगळे प्रकरण दिले आहे, कारण तिथे वायर तुटली की आग विझते हे गृहीतच चालत नाही. तेलाचा सोलेनॉइड बंद झाला की ज्वाला जवळपास त्याच क्षणी जाते. जाळीवरचा निखारा मात्र एफडी आणि आयडी फॅन बंद पडल्यावरही धगधगत राहतो आणि नळ्यांना उष्णता देत राहतो. तिथे ट्रिपचा अर्थ दुहेरी आहे: हवा आणि इंधनाची भर थांबवायची, पण फीड पंपाला जिवंत ठेवायचे. फीड पंप आणि फॅन एकाच कंट्रोल फ्यूजवर टाकणारे वायरिंग अशा बॉयलरवर घातक ठरते. त्यातही एक अपवाद लक्षात ठेवायचा. पाणी गेज ग्लासच्या खाली नाहीसे झाले असेल, तर घाईने पंप सुरू करून तापलेल्या धातूवर थंड पाणी सोडायचे नसते. हा निर्णय वायरीवर सोपवता येत नाही, म्हणून तो अटेंडंटच्या प्रकरणात घातला आहे.

गरम पाण्याच्या यंत्रांच्या प्रकरणात एका मुद्द्यावर मुद्दाम जास्त पाने खर्च केली आहेत. सर्क्युलेशन पंपाच्या कॉन्टॅक्टरचा ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट बर्नरच्या साखळीत घेतला, की इंटरलॉक झाला असे समजण्याची पद्धत आहे. तो कॉन्टॅक्ट सांगतो ते इतकेच, की कॉन्टॅक्टर ओढला गेला. मोटर फिरते का, कपलिंग तुटले आहे का, व्हॉल्व्ह बंद राहिला आहे का, पाइपमध्ये हवा अडकली आहे का, यातले काहीही त्याला ठाऊक नसते. पाणी वाहते आहे हे फक्त वाहत्या पाण्यात बसवलेला फ्लो स्विच सांगू शकतो. तीच गोष्ट थर्मोस्टॅट आणि हाय लिमिटची. दोघांचे सेन्सर वेगळे हवेत. एकाच सेन्सरवर दोन्ही कामे टाकली, तर तो सेन्सर बिघडताच नेहमीची राखण आणि शेवटची राखण एकदमच जातात.

बाकी भाग कारागिरीचा आहे. बर्नरजवळ साधी पीव्हीसी वायर टिकत नाही, सिलिकॉन किंवा फायबरग्लासची घ्यावी. प्रेशर स्विचच्या डब्यात ग्लँड खालून घालावी, म्हणजे वरून टपकणारे पाणी वायरीवरून आत उतरत नाही. इग्निशनची हाय टेन्शन केबल आणि सेलची वायर एका कंड्युटमधून नेऊ नये. ज्वाला ओळखणाऱ्या आयोनायझेशन रॉडचा सिग्नल मायक्रोअँपिअरमध्ये असतो, तेव्हा बर्नरचे अंग आणि अर्थ यांचा जोड घासूनपुसून घट्ट हवा. स्क्रूखाली उघडी तार नको, क्रिंप केलेला लग हवा, आणि दोन्ही टोकांना तोच फेरूल नंबर. दुसऱ्या पाळीतला अनोळखी माणूस मध्यरात्री ड्रॉइंग घेऊन उभा राहील, तेव्हा त्याला खरे सांगणारे तिथे दुसरे काही नसते.

पुस्तकाची मांडणी बॉयलर हाऊसमधल्या कामाच्या क्रमाने केली आहे: सप्लाय आणि अर्थिंग, सेफ्टी साखळी, पाण्याची पातळी, बर्नर, घन इंधन, गरम पाणी, आणि शेवटी बिघाड शोधणे. शब्द शॉप फ्लोअरवर चालतात तेच ठेवले आहेत. साखर कारखान्यांच्या मोठ्या वॉटर ट्यूब बॉयलरचे डीसीएस इथे घेतलेले नाही. त्याचा आवाका निराळा आहे. इथली ड्रॉइंग तत्त्व समजावण्यापुरती आहेत. तुमच्या बॉयलरवर काम करताना समोर ठेवायचे ते त्याच्या उत्पादकाचेच ड्रॉइंग, आणि वायरींना हात लावायचा तो परवाना असलेल्याने, मेन बंद करून, पॅनलला कुलूप लावून. एखादा बदल केला, तर तो त्याच दिवशी ड्रॉइंगवर तारखेसह लिहावा. जे लिहायची लाज वाटेल, ते करू नये.

आणि पाने उलटण्याआधी एक काम करावे. अटेंडंटला बरोबर घ्या, उत्पादकाने सांगितलेल्या पद्धतीने लेव्हल कंट्रोलची चेंबर ड्रेन करा आणि पाहा: पातळी उतरताना आधी फीड पंप लागला पाहिजे, मग अलार्म वाजून बर्नर बंद झाला पाहिजे. झाला, तर पहिल्या प्रकरणाकडे वळा. नाही झाला, तर पुस्तक मिटा, बॉयलर बंद करा आणि पॅनलचे दार उघडा.